पहिल्या पगाराचे वाटेकरी

घरातल्या पहिल्या पदवीधराला नोकरी लागली की गावात त्याच्या आधी त्याचा आकडा पोहोचतो. नेमणुकीच्या पत्रावर वर्षाचं ६ लाखांचं पॅकेज असतं. वडील त्याला बाराने भागतात आणि चार माणसांत सांगतात, पोराला महिन्याला ५०,००० आहेत. भागाकार बरोबरच असतो. पण त्या ६ लाखांतले समजा ६०,००० कामगिरीवर अवलंबून असतात, वर्षाअखेरीस मिळाले तर मिळाले. मूळ वेतन २५,००० धरलं तर कंपनीच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी महिन्याला ३,०००, म्हणजे वर्षाचे ३६,००० त्यातच मोजलेले असतात. ग्रॅच्युइटीचे १४,००० च्या वर रुपयेही त्यातच, आणि कायम नोकरीत ती साधारणपणे पाच वर्षं काढल्याशिवाय हाती येत नाही. राहिलेल्या रकमेतून मुलाच्या स्वतःच्या वाट्याचे पीएफचे ३,००० आणि व्यवसाय कराचे २०० कापले की खात्यावर येतात साडेसदतीस हजारांच्या आसपास.

म्हणजे घरच्या हिशेबात आणि मुलाच्या खात्यात पहिल्याच महिन्यापासून साडेबारा हजारांची तफावत असते, आणि ती कुणी बोलून दाखवत नाही. मुलाला वाटतं, पगार कमी आहे असं सांगितलं तर वडिलांचा चारचौघांतला आनंद जाईल. वडिलांना वाटतं, पोरगा शहरात गेला आणि हातचं राखून बोलायला लागला. पुढच्या अनेक वर्षांचा ताण या एका न झालेल्या संभाषणातून सुरू होतो, असं मला वाटतं.

घरच्यांची अपेक्षा अवाजवी असते असं मात्र मी म्हणणार नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१८-१९ च्या आकडेवारीप्रमाणे देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होतं. पीक, दूधदुभतं, मजुरी, सगळं धरून. निम्म्याहून अधिक शेतकरी कुटुंबं कर्जात होती आणि दर कुटुंबामागे सरासरी कर्ज होतं ७४,१२१ रुपये. अशा घरात बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर दरमहा ३७,५०० जमा होतात, तेही पाऊस पडो न पडो, तेव्हा घराचा सगळा भार त्या खात्याकडे सरकणं स्वाभाविक आहे. रोख पैसा येण्याचं एवढं खात्रीचं ठिकाण त्या घराने पूर्वी कधी पाहिलेलंच नसतं.

शिवाय त्या पगारामागे घराचं भांडवल असतं. सोसायटीचं पीककर्ज थकवून भरलेली फी, आईच्या दागिन्यांवर काढलेलं सोनेतारण, होस्टेलच्या मेससाठी विकलेली म्हैस, दहावीनंतर शाळा सोडून शेतात उतरलेला थोरला भाऊ. यातलं काहीही वहीत लिहिलेलं नसतं. बँकेचं शैक्षणिक कर्ज किती उरलं हे ॲपवर दिसतं, थोरल्या भावाचं किती उरलं हे कुठेच दिसत नाही.

हंगेरीत जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत काम केलेले मनोविकारतज्ज्ञ इव्हान बोसोर्मेनी-नॉज यांनी याच न लिहिलेल्या हिशेबाचा अभ्यास केला. जेराल्डिन स्पार्क यांच्याबरोबर त्यांनी १९७३ साली ‘इनव्हिजिबल लॉयल्टीज’ हे पुस्तक लिहिलं. कुटुंबात कोणी कोणासाठी काय केलं याची एक अदृश्य खतावणी पिढ्यान्‌पिढ्या चालू असते, आणि माणूस तिच्याशी बांधलेला असतो, असं त्यांचं म्हणणं. मुलाने लहान वयात घरासाठी झिजणं हे प्रत्येक वेळी घातकच असतं असं ते मानत नाहीत. त्या झिजण्याची दखल कोणी घेत नाही, ते गृहीत धरलं जातं आणि त्याला शेवट नसतो, तेव्हा ते घातक होतं. ‘एवढा पगार असून घरासाठी काय केलंस?’ हा प्रश्न जिव्हारी लागतो त्याचं कारण हेच. आधीचं सगळं दिलेलं त्या एका वाक्यात पुसलं जातं.

दुसरा एक अभ्यास यापेक्षा अलीकडचा आहे. रेबेका कोवारूबियास आणि स्टेफनी फ्रायबर्ग या दोन संशोधकांनी अमेरिकेत घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या विद्यार्थ्यांना तपासलं आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. घरची माणसं अडचणीत असताना आपण मात्र पुढे निघून आलो, या भावनेने ही मुलं खंतावलेली होती. कॉलेजचं शिक्षण घरात आधीपासून असलेल्यांपेक्षा त्यांच्यात ही खंत जास्त होती. संशोधकांनी काही जणांना, घरच्या एखाद्या अडचणीत आपण मदत केली तो प्रसंग आठवायला सांगितला, आणि त्या आठवणीने खंत कमी झाली. कष्टकरी घरातून आलेल्या मुलाला ‘आधी स्वतःकडे बघ, नाही म्हणायला शीक’ एवढाच सल्ला देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं. घराला देता येणं हाही त्याच्या मानसिक स्वास्थ्याचा भाग आहे. देणं बंद करून त्याला बरं वाटणार नाही. प्रश्न आहे तो देण्याला आकार असण्याचा.

आकार नसला की काय होतं? महिन्याच्या वीस तारखेनंतर घरून फोन आला की छातीत धस्स होतं. आई नुसती जेवलास का विचारते, तरी पुढे काय येणार याची वाट बघत निम्मं बोलणं संपतं. काही जण फोन उचलणंच टाळतात आणि मग दिवसभर त्याचीच टोचणी लागते. बहिणीची फी, बोअरवेलचा हप्ता, चुलत्याचं ऑपरेशन, स्लॅबचं सिमेंट अशा मागण्या एकामागून एक येतात आणि त्यातली एकही खोटी नसते. मग क्रेडिट कार्ड पुढे येतं. त्याची पूर्ण रक्कम वेळेत भरली नाही, तर महिन्याला तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांच्या घरात व्याज चढतं. गावात सावकाराच्या ज्या दराला घर घाबरत होतं, त्या दराने शिकलेला मुलगा शहरात कर्ज काढतो आणि घरी सांगत नाही.

पैशाची चणचण विचारशक्तीवरच भार टाकते, हे दाखवणारा एक प्रसिद्ध अभ्यास तमिळनाडूतला आहे, आणि तोही उसाच्या शेतकऱ्यांवरचा. आनंदी मणी, सेंधिल मुल्लईनाथन, एल्डर शफीर आणि जियायिंग झाओ यांनी ५४ गावांतल्या ४६४ शेतकऱ्यांना तर्काची आणि एकाग्रतेची कोडी दिली. एकदा ऊस तुटण्याआधी, हाती पैसा नसताना, आणि एकदा उसाचं बिल मिळाल्यावर. त्याच माणसांची कामगिरी पैसा आल्यावर स्पष्टपणे सुधारलेली दिसली. २०१३ मध्ये हे ‘सायन्स’ या नियतकालिकात आलं. आपल्याकडे कारखान्याच्या बिलाची वाट बघणाऱ्या कुणालाही हे अनोळखी वाटणार नाही. मुद्दा असा की डोक्यात सतत हप्त्यांची जुळवाजुळव चालू असली तर ते डोकं दुसऱ्या कामाला पुरतं उरत नाही. कोडमध्ये चूक राहते, ऑडिटमधला आकडा सुटतो, रात्रपाळीत औषधाची नोंद दोनदा वाचावी लागते. आणि घरातला पहिलाच नोकरदार त्याचा अर्थ लावतो, की मी या जागेच्या लायकीचा नाही. पॉलिन क्लान्स आणि सुझॅन आइम्स यांनी १९७८ मध्ये ज्या भावनेचं वर्णन केलं, आपण तोतये आहोत आणि एक दिवस उघडे पडू, ती इथे थकव्यावर पोसली जाते.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचा पगार तेवढाच असतो. पण त्याचं घर वडिलांनी घेतलेलं असतं, आजारपणाला त्यांची पेन्शन असते, आणि नोकरी आवडली नाही तर सहा महिने बसून दुसरी शोधायची मुभा असते. पहिल्या पिढीतल्याला ही मुभा नसते, म्हणून तो वाईट वरिष्ठ सहन करतो, पगारवाढ मागायला कचरतो, पुढचं शिक्षण लांबणीवर टाकतो. दक्षिण आफ्रिकेत या परिस्थितीला ‘ब्लॅक टॅक्स’ म्हणतात. वर्णभेदाच्या राजवटीने ज्यांना जमीन, घर, शिक्षण यांपासून दूर ठेवलं, त्यांच्या घरातला पहिला नोकरदार अख्ख्या कुटुंबाची राहिलेली भरपाई आपल्या पगारातून करतो. नीक म्हलोंगो यांनी २०१९ मध्ये याच विषयावर अनेक लेखकांचं लेखन एकत्र केलं. हे ओझं आहे की माणुसकी, असा प्रश्न त्या संग्रहाच्या नावातच आहे, आणि त्यातल्या लेखकांचं त्यावर एकमत नाही.

आपल्याकडे हे देणं फक्त घरापुरतं नाही. आंबेडकरी चळवळीत शिकलेल्या माणसाने समाजाचं ऋण फेडावं ही अपेक्षा खोलवर रुजलेली आहे. पुण्याच्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेल्या कांशीराम यांनी सहकाऱ्यांसह ६ डिसेंबर १९७८ रोजी बामसेफ ही संघटना उभी केली ती याच विचारावर, की नोकरीत गेलेल्यांनी आपला पैसा, वेळ आणि बुद्धी समाजाला द्यावी. त्याआधी भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली. मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, मंगळसूत्रही. महाराष्ट्रात बहुजनांच्या घरात शिक्षण आलं ते असं कुणीतरी पदरमोड केल्यामुळे, म्हणून इथला पहिला पदवीधर देणं नाकारत नाही आणि त्याने नाकारावं असं मलाही वाटत नाही. पण बामसेफच्या विचारातही देणारा ठरवून, संघटितपणे देत होता. मागणी येईल तसा रिकामा होत नव्हता.

इथे मला मुंबईच्या मनिऑर्डरीची आठवण करून द्यावीशी वाटते. कोकणातली आणि घाटावरची किती तरी घरं गिरणीतल्या माणसाच्या मनिऑर्डरीवर चालली. अर्थतज्ज्ञ त्याला मनिऑर्डरची अर्थव्यवस्था म्हणतात. त्या व्यवस्थेत हाल होते, ताटातूट होती, तिचे गोडवे गाण्याची गरज नाही. पण तिच्यात एक गोष्ट आपोआप होती. पैसे महिन्यातून एकदा जात. रक्कम साधारण ठरलेली असे. पाठवायला खर्च येई, २० रुपयांमागे १ रुपया. अर्जाच्या खालच्या तुकड्यावर चार ओळी लिहिता येत, आणि पोस्टमनने पैसे मोजून दिले की गावातल्या घराला कळे, आता पुढच्या महिन्यापर्यंत यातच भागवायचं. खाणावळीत राहणाऱ्या माणसाला त्याची मर्यादा घरी वेगळी समजावून सांगावी लागत नव्हती. अंतर आणि टपाल खातं ते काम करत होतं.

२०१६ मध्ये यूपीआय आलं. आता रात्री अकरा वाजता, मीटिंगच्या मधे, बसमध्ये उभं असताना ५०० रुपयेही क्षणात जातात आणि फुकट जातात. सोय मोठी आहे, अडीअडचणीला जीव वाचवणारी आहे. पण महिन्याचा एक व्यवहार आता तीस दिवसांत विखुरला. दर वेळी नव्याने विचारायचं, नव्याने ठरवायचं, नव्याने वाईट वाटून घ्यायचं. मागणाऱ्यालाही ते अवघड जातं. स्वतःच्या मुलाकडे महिन्यातून सहा वेळा हात पसरणं कुठल्या बापाला आवडेल? मनिऑर्डरीत त्याला हात पसरावा लागत नव्हता, त्याचं त्याच्याकडे येत होतं.

म्हणून पहिल्या पिढीतल्या नोकरदाराने सीमा आखायची ती घर आणि स्वतः यांच्यामध्ये नव्हे. ती रकमेची आणि तारखेची आखावी. पगार १ तारखेला होत असेल तर ३ तारखेला घरच्या खात्यावर ठरलेली रक्कम आपोआप जाईल अशी स्थायी सूचना बँकेत द्यावी. रक्कम ठरवताना बोनस किंवा कामगिरीचा हिस्सा धरू नये. सगळ्यात वाईट महिन्यातही पाठवता येईल एवढीच ठेवावी. ती कमी वाटली तरी चालेल, कारण चुकत नाही म्हणून तिच्यावर घराला नियोजन करता येतं. मागेपुढे होणाऱ्या १५,००० पेक्षा खात्रीच्या १०,००० वर किराणा, वीजबिल आणि औषधं नीट चालतात.

हे घरी सांगायचं कसं, हाच सगळ्यात अवघड भाग. फोनवर नको, आणि मागणी आलेली असताना तर मुळीच नको. सुट्टीत घरी गेल्यावर, पगाराची पावती सोबत नेऊन, वडिलांशी आणि आईशी बसून बोलावं. ‘बाबा, पत्रावर ५०,००० दिसतात, हातात एवढेच येतात. तुमच्यासाठी दर ३ तारखेला १०,००० येतील, मी विसरलो तरी येतील. आजारपणासाठी वेगळे २,००० बाजूला टाकतोय, ते आपल्या सगळ्यांचे आहेत, पण दवाखान्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.’ इतकं साधं बोलावं. पावती दाखवणं महत्त्वाचं, कारण त्यामुळे नकार मुलाचा राहत नाही, आकड्याचा होतो. पुष्कळ घरांत वडिलांना पहिल्यांदाच कळतं की भाडं, डिपॉझिट आणि प्रवासात निम्मा पगार जातो. त्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. आयुष्यभर तुटपुंज्यात घर चालवलेल्या माणसाला हिशेब समजत नाही असं धरून चालणं हा त्याचा अपमान आहे.

कुटुंबोपचारातले मोठे नाव साल्वाडोर मिनुचिन यांनी न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतल्या कुटुंबांबरोबर काम करताना हेच पाहिलं होतं. मोठ्या, ओढग्रस्त घरात एखादं मूल आईबापाची जबाबदारी उचलतं. मिनुचिन त्याला रोग म्हणत नाहीत. जबाबदारी किती आणि कुठवर हे उघड ठरलेलं असेल, मुलाच्या ताकदीत असेल, तर ती व्यवस्था चालते आणि मुलाला समर्थही करते. ते अघोषित राहिलं तर मूल खचतं. वय वाढलं, हातात ओळखपत्र आलं, तरी हा नियम बदलत नाही.

ठरलेल्या रकमेबाहेरच्या मागण्या येणारच. आजारपण आणि शिक्षण एका बाजूला ठेवावं, मानपान दुसऱ्या बाजूला. आजारपणात धावण्याआधी सरकारी योजना बघाव्यात: महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात, आणि २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचं कार्ड काढता येतं. आजी-आजोबांचं हे कार्ड तयार आहे का, हे काम नातवाने एका सुट्टीत उरकावं. पुढे त्याचेच काही लाख वाचू शकतात. लग्नाच्या बाबतीत मात्र मी स्पष्ट बोलेन. मंडप, बँड आणि आहेरासाठी वैयक्तिक कर्ज काढू नये. बहिणीला किंवा भावाला एक रक्कम भेट म्हणून द्यावी, ती आधी सांगावी, आणि लग्नाचं अंदाजपत्रक त्या रकमेभोवती बसू द्यावं.

जामिनाबद्दल थोडं सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण इथे शिकलेली माणसंही फसतात. गावातली पतसंस्था कर्ज देताना पगारदार जामीनदार मागते. चुलतभाऊ म्हणतो, ‘नुसती सही पाहिजे रे, पैसे थोडेच मागतोय.’ भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा आणि मगच माझ्याकडे या, असं म्हणण्याचा हक्क जामीनदाराला सहसा नसतो. सहकारी संस्थेला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळतो, आणि वसुली करणाऱ्याला ट्रॅक्टर घेऊन फिरणाऱ्या भावापेक्षा दरमहा पगार होणारा भाऊ सापडणं सोपं असतं. जामिनाची नोंद पतअहवालातही येते आणि स्वतःच्या घरकर्जाच्या वेळी आडवी येते. बुडाले तरी चालतील एवढे पैसे हातउसने द्यावेत, तेही परतीची आशा न ठेवता; सही मात्र देऊ नये. ‘दादा, माझ्याकडून हे २०,००० घे, परत मागणार नाही. पण मी कुणालाच जामीन राहत नाही, घरात तसं ठरलंय,’ हे वाक्य नातं टिकवतं. थकलेलं कर्ज टिकवत नाही.

मुलींचं गणित आणखी गुंतागुंतीचं आहे. एका प्रकारच्या घरात मुलीचा पैसा घ्यायचा नाही असा बाणा असतो, आणि मग ती आईच्या हातात गुपचूप नोटा ठेवते किंवा भावाची फी परस्पर भरते. तिच्या देण्याची दखल कधीच होत नाही. दुसऱ्या प्रकारच्या घरात सगळा संसार तिच्या पगारावर चालतो आणि तिच्या लग्नाचा विषय पुढे ढकलला जातो. लग्नानंतर सासरी तिचा पगार ‘आपल्या घरचा’ होतो आणि माहेरी पाठवलेले पैसे लपवावे लागतात. नर्स, शिक्षिका, बँकेतल्या अधिकारी, सॉफ्टवेअर अभियंत्या, कितीतरी जणी दोन्हीकडे खोटं बोलत जगतात आणि त्याने आतून पोखरल्या जातात. कायदा या बाबतीत समाजाच्या पुढे आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने वृद्ध आईवडिलांच्या पालनाची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर ठेवली. १९८७ मध्ये कल्याणच्या एका विवाहित डॉक्टर मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लग्न झाल्याने मुलीची ही जबाबदारी संपत नाही. जबाबदारी कायद्याने आहे, म्हणजे ती पार पाडण्याचा हक्कही आहे. तेव्हा स्थळ बघतानाच, पत्रिकेच्या आधी, ‘मी आईबाबांना दरमहा एवढे पाठवते आणि लग्नानंतरही पाठवणार’ हे त्या मुलीने समोरच्या मुलाला सांगावं. त्यावर त्याचं तोंड कसं होतं यावरून पुष्कळ काही कळतं.

एवढं सगळं करूनही मन शांत होईलच असं नाही. ठरलेली रक्कम पाठवली, जादा मागणीला नाही म्हटलं, तरी रात्री झोप लागत नाही, कारण आतला आवाज म्हणतो, तू स्वार्थी आहेस. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मराठी माणसापर्यंत आणली ती कि. मो. फडके यांनी. ती या आवाजाकडे नेमकं बघायला शिकवते. घरच्यांना सुखात ठेवावं ही इच्छा निरोगी आहे. मी त्यांना सुखात ठेवलंच पाहिजे आणि न जमल्यास मी नालायक माणूस ठरतो, हा हट्ट रोगट आहे. भावाच्या ट्रॅक्टरसाठी पैसे देता आले नाहीत याचं वाईट वाटणं साहजिक आहे, ते वाटू द्यावं. त्यावरून स्वतःच्या अख्ख्या माणूसपणावर शिक्का मारणं मात्र तर्काला धरून नाही, आणि ते तसं तपासून बघता येतं, कागदावर लिहूनसुद्धा.

झोप उडणं, जेवणावरची वासना जाणं, कामावर जाऊच नये असं वाटणं, दारूचं प्रमाण वाढणं, विनाकारण रडू येणं, जगून उपयोग काय असे विचार येणं, यातलं काही दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर तज्ज्ञाकडे जावं. जगणं नको असल्याचे विचार आले तर दोन आठवडे थांबूही नये, त्याच दिवशी कुणाला तरी सांगावं. बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत, निरनिराळे मानसिक आजार असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते असं दिसलं. पहिल्या पिढीतल्या माणसाला उपचाराचा खर्चही घरच्यांच्या तोंडचा घास वाटतो. त्याच्यासाठी टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली: १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतूनही बोलता येतं. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा आहे आणि त्याने विमा कंपन्यांना शारीरिक आजारासारखंच मानसिक आजारालाही संरक्षण देणं बंधनकारक केलं. बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरचाच खर्च देतात हे खरं, तरी आपल्या पॉलिसीत काय आहे ते वाचून घ्यावं. घरी ‘मानसोपचार’ म्हणायला जड जात असेल तर झोपेसाठी डॉक्टरकडे जातो म्हणून सांगावं. ते खोटं नाही.

स्वतःसाठी काय ठेवायचं, हा प्रश्न बरेच जण शेवटी विचारतात, आणि तो मुळात पहिला असायला हवा. तीन महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम आवर्ती ठेवीतून हळूहळू जमवावी; ती जमली की माणूस वरिष्ठांशी वेगळ्या आवाजात बोलतो. ज्याच्या एकट्याच्या पगारावर घर उभं आहे त्याने मुदतीचा आयुर्विमा घ्यावा, कारण तो गेला तर म्हैस, दागिने, शिक्षण, सगळ्यांचं मोल एकदम शून्य होतं. पीएफ खात्याला जोडलेल्या विमा योजनेत नोकरीत असताना मृत्यू झाल्यास वारसाला ७ लाखांपर्यंत रक्कम मिळते आणि त्यासाठी कर्मचाऱ्याच्या पगारातून काही कापलं जात नाही. ती विनासायास मिळावी म्हणून पीएफच्या संकेतस्थळावर नामनिर्देशन भरलेलं असावं लागतं, आणि बऱ्याच तरुणांचं ते रिकामं असतं.

ठरलेली रक्कम कायमची नसते. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत म्हणा, घरी बसून ती पुन्हा बघावी. धाकटी बहीण नोकरीला लागली असेल तर तिच्या पहिल्या पगारापासूनच वाटणी करावी, थोरल्याने एकट्याने ओढत राहू नये आणि तिच्यावरही एकदम सगळं टाकू नये. सोनेतारण फिटलं असेल तर ते मोठ्याने सांगावं, कारण काहीतरी पूर्ण झालं हे घराला कळावं लागतं. शाळा सोडलेल्या भावाचा विषय याच बैठकीत काढावा. त्याला दरमहा हातखर्च देण्यापेक्षा ठिबक, शेळ्या, दुकानाचा गाळा, असं त्याच्या स्वतःच्या कमाईचं काही उभं करायला किती लागेल, ते किती वर्षांत जमेल, आणि त्यातला कोणाचा किती वाटा, हे त्यालाच बोलू द्यावं आणि वहीत लिहून ठेवावं.